बावीस नंबरचं तिकीट

२ फेब्रुवारी, रविवार

नवी वही. शाळेतल्या सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, मुलींनो, पहिल्या पानावर अक्षर वळणदार आणि मन स्वच्छ हवं. अक्षर आहे.

आमच्या महिला मंडळाची हाउसी, म्हणजे तंबोला, दर चौथ्या शनिवारी, टॉवरच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये असते. लालबागची आमची चाळ पडून टॉवर झाला, गॅलरी गेली आणि बायका दारं लावून आत बसायला लागल्या. म्हणून मीच हे सुरू केलं. आकडे लॅपटॉप काढतो. त्याचा प्रोग्राम माझ्या भाच्याने, अभयने, कॉलेजात असताना लिहून दिला होता. आता तो कॅनडात दारापुढचा बर्फ उपसतो.

त्या प्रोग्रामची एक गंमत फक्त मला ठाऊक आहे. सुरू होताना तो एक आकडा मागतो. अभय त्याला 'बी' म्हणायचा. तेच बी घातलं की आकडे दर वेळी त्याच क्रमाने बाहेर पडतात. तेव्हा मी काय करते, आदल्या दुपारी घरी टेबलावर सगळी तिकिटं मांडते, एखादं बी घालते आणि आकडे येतील तसे चिंचोके ठेवत जाते. कुठलं तिकीट आधी भरतं ते कळलं की दुसऱ्या दिवशी ते जिला द्यायचं तिच्या हातात देते. जिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, जिच्या लेकीचा फोन आला नाही, जिची सून आठवडाभर बोललेली नाही, अशा कुणाला तरी. याला लबाडी म्हणत नाहीत. देवाला वेळ होत नाही तिथे मी जरा बघते, एवढंच.

कुणाला संशयसुद्धा नाही. गेल्या महिन्यात रश्मीला फुल हाउस दिलं. ती नेमकी त्याच दिवशी पार्लरमधून केस रंगवून आली होती. फोटो काय छान आला! काही योगायोग असे असतात.

फक्त सुंदराला आजवर काही देता आलेलं नाही. ती माझ्या हातून तिकीट घेतच नाही. "मने, माझ्या तिकिटाला हात लावायचा नाही," असं म्हणून स्वतः डब्यातून बावीस नंबरचं काढते. चाळीत त्यांची खोली बावीस, आमची तेवीस. पहिल्यापासूनच संशयी.

आणि आता ती चालली. मुलाची, अमितची, नागपूरला बदली झाली, तो तिलाही घेऊन जातोय. या महिन्याची हाउसी तिची शेवटची.

माझ्याकडे आईचा फिरकीच्या झाकणाचा तांब्या आहे. चाळीची सहल घारापुरीला गेली होती, तेव्हा सुंदराच्या हातून त्याची फिरकी लाँचमधून समुद्रात पडली. घरी आम्ही दोघींनी सांगितलं की माकडाने नेली. त्या बिचाऱ्या माकडाचं नाव आजही आमच्या घराण्यात बदनाम आहे. तेव्हापासून तांब्या बोडकाच होता. मागच्या महिन्यात तांबाकाट्याच्या भांडीबाजारात जाऊन मी त्याला नवी फिरकी करून आणली. तो सुंदराने नागपूरला न्यावा असं मला फार वाटतं.

पण ती फुकटचं काही घेत नाही. तिच्या साठीला मी साडी दिली होती. दुसऱ्या दिवशी ती साडी परत आली, वर खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. जिंकली तर मात्र तिला नाही म्हणता येणार नाही. तेव्हा बक्षीस तांब्या, आणि जिंकणार सुंदरा. त्यासाठी जानेवारीभर रोज दुपारी एकेक बी घालत, चिंचोके मांडत बसले. पाठीचा काटा ढिला झाला तेव्हा कुठे एक बी सापडलं, ज्यात बावीस नंबरचं तिकीट सगळ्यांच्या आधी भरतं.

आणि आज संघमित्राने लॅपटॉप 'नवा' करून दिला.

संघमित्रा ही सुंदराच्या लेकीची लेक. लोअर परळला एका ऑफिसात प्रोग्राम लिहिते. निरोपाच्या दिवशी आजीचे जुने फोटो टीव्हीवर दाखवायचे म्हणून तिने एक प्रोग्राम केला. त्याला प्रोग्राम चालवणारं नवं पायथन लागतं, म्हणून जुनं काढलं. अभयचा प्रोग्राम त्यावर अडला, तर तिने दोन-चार ठिकाणी कंस घालून तोही चालू केला. "बघ मनूआजी, आता दोन्हींवर चालेल." मी पोरीला चहा पाजला, पाठ थोपटली.

ती गेल्यावर माझं बी घातलं. पहिला आकडा सत्तर यायचा, तो आला एकोणतीस. पुढे तर विचारूच नये. बावीस नंबरच्या तिकिटावर शेवटपर्यंत मोकळं मैदान.

४ फेब्रुवारी, मंगळवार

संघमित्राला फोन केला. कारण खरं सांगायची सोय नाही.

"मला जुनंच पायथन हवं गं. नव्यावर आकडे बरोबर वाटत नाहीत."

"बरोबर वाटत नाहीत म्हणजे? आकडे ते आकडेच ना, आजी."

"त्यांचा क्रम नीट वाटत नाही."

मग तिने छान समजावलं. प्रोग्राम म्हणजे पाककृती आणि पायथन म्हणजे ती वाचून रांधणारी बाई. बाई बदलली की पाककृती तीच असली तरी हाताची पद्धत बदलते. नवी बाई पत्ते वेगळ्या तऱ्हेने पिसते.

"मग जुन्या बाईला परत बोलाव."

"दोघींना एका स्वयंपाकघरात ठेवावं लागेल. फोटोंना नवी लागते. त्यासाठी वेगळी टूल्स असतात. कुठल्या कामाला कुठली बाई उभी राहील ते ती ठरवतात. मी नावं पाठवते, तू करून बघ. तुला येईल."

येईलच. विमा कंपनीत इतकी वर्षं डेटा एन्ट्री काय उगाच केली?

फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, "मनूआजी, सुरुवातीला ते बी विचारतं ना, तिथे तू काय घालतेस?"

"त्या दिवशीची तारीख," मी म्हणाले.

"हं," म्हणाली. चुणचुणीत आहे, पण अजून लहान आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिलं टूल पायएन्व्ह. संघमित्राने पाठवलेली ओळ जशीच्या तशी टाइप केली. हा गडी बाई तयार आणत नाही, जन्माला घालून वाढवतो! म्हणजे पायथनचा कच्चा माल आणून घरीच घडवतो. लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घुमायला लागला. मी आत जाऊन कांदेपोहे करून, खाऊन, बशी विसळून आले. पडद्यावर लाल अक्षरं होती, अमुक नाही, तमुक नाही, म्हणून थांबलो.

रागाने लॅपटॉप मिटला. मग परत उघडून त्याची धूळ पुसली. बिचाऱ्याचा काय दोष?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरं, यूव्ही. याच्यासारखं चपळ काही पाहिलं नाही. बोट उचलायच्या आत काम झालेलं असतं. पण जुनं पायथन मागितलं तर म्हणतो, ते नाही.

मला हिंदमाताच्या त्या दुकानाची आठवण झाली. आई नेसायची तसलं सुती लुगडं मागायला गेले होते. तो मुलगा आधी हसला, मग अदबीने म्हणाला, "आंटी, इतकं जुनं आम्ही ठेवत नाही." आणि तेवढ्यात समोर चमचमणाऱ्या साड्यांचा ढीग केला. यूव्हीनेही तसंच केलं, नव्यातल्या नव्या पायथनांची रांग लावली. तरुण माणसांनी जरूर घ्यावं. मला काय उपयोग?

१० फेब्रुवारी, सोमवार

तिसरं, कोंडा. नावावरून हसू नये असं ठरवलं होतं, हसले. याच्याकडे जुनी बाई मिळाली! पण एकटी आली नाही. आमच्याकडे गणपतीनंतर गावचे पाहुणे यायचे तशी आली, ट्रंका, गाठोडी, पाटा-वरवंटा आणि मागून चुलतदीर. लॅपटॉप म्हणाला जागा संपत आली.

तेही चाललं असतं. पण तिला दर वेळी आधी नावाने हाक मारायची, मगच ती उठते. मी हाक मारायला विसरले आणि पुन्हा एकोणतीस. हॉलमध्ये माइक, टाळ्या आणि मंडळातल्या कमलवहिनींची भेळ, एवढ्या गडबडीत हाक मारायची लक्षात राहील? माझा माझ्यावर भरवसा नाही. पाहुण्यांना निरोप दिला. जायलाही त्यांनी वेळ लावला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चौथ्याचं नाव एएसडीएफ. बघून डोळे भरून आले.

गिरगावातला टायपिंग क्लास. दहावीच्या सुट्टीत वडिलांनी घातला होता. पहिल्या दिवशी डाव्या हाताची चार बोटं ठेवायची अक्षरं हीच, ए, एस, डी, एफ. सुंदराही माझ्याबरोबर यायची. मास्तरांची पाठ वळली की ती माझ्या मशीनचा कागद ओढून घ्यायची आणि मी किंचाळले की शिक्षा मला. कॉन्व्हेंटची मुलगी ना, म्हणून माझी किंकाळी इंग्रजीत असायची, आणि मास्तर त्याबद्दल वेगळी शिक्षा करायचे.

टूल चांगलं आहे. हा एखाद्या मुकादमासारखा आहे, बाई, माळी, ड्रायव्हर, काय हवं ते एकाच्याकडे मागावं. फक्त पायथनची बाई मागितली की हा मागच्या दाराने त्याच पायएन्व्हकडे जातो. परत पंखा, परत तीच लाल अक्षरं! मग मधला माणूस कशाला?

१५ फेब्रुवारी, शनिवार

संघमित्राला ती लाल अक्षरं पाठवली. म्हणाली, "अगं, त्याला काही वस्तू आधी आणून द्याव्या लागतात." पाच मिनिटांत यादी पाठवली. पायएन्व्हला परत बोलावलं. पंखा घुमला, मी देवघरात जाऊन बसले.

झालं! हाउसीच्या फोल्डरमध्ये एक इवलीशी फाइल ठेवली, त्यात जुन्या पायथनचा नंबर. त्या फोल्डरात पाऊल टाकलं की जुनी बाई आपोआप पदर खोचून उभी, बाहेर पडलं की नवी. हाक मारायला नको. मी लहानपणी तशीच होते. शाळेच्या फाटकात शिरले की 'गुड मॉर्निंग, सिस्टर', चाळीचा जिना चढले की 'आये, भूक लागली'. कुणाला सांगावं लागायचं नाही.

बी घातलं. सत्तर! मी एकटीच घरभर नाचले. चिंचोके मांडले. बावीस नंबर पहिला भरला.

निकाल असा की घाई असेल आणि सगळं नवं असेल तर यूव्ही. घर मोठं असेल तर कोंडा. दहा प्रकारची माणसं लागत असतील तर एएसडीएफ. आणि जुन्या माणसाची माया असेल तर पायएन्व्ह.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कमलवहिनी वर आल्या होत्या. जिना चढून दम लागलेला, तरी तोंड चालू. त्या अजून मालवणीच बोलतात.

"काय गो मनू, ह्या टायमाक सुंदराचो नंबर मां?"

"नंबर कसला, वहिनी? नशिबाचा खेळ आहे."

"होय होय, नशीबच ता. नशिबाक सांग, चुकाक नको. बाय कायमची चल्ली."

इतकी भोळी श्रद्धा बघून मला भरून आलं. जाता जाता विचारलं, मार्चमध्ये त्यांनी हिरवी साडी नेसावी की जांभळी. मी म्हटलं, जांभळी, फोटोत खुलते. मार्चमध्ये फुल हाउस त्यांनाच द्यायचं माझ्या मनात आहे. त्यांना काय कल्पना!

२० फेब्रुवारी, गुरुवार

सुंदराकडे गेले. घरभर खोकी. तिने मला एक स्टूल दिलं, तेही बांधायचं राहिलेलं.

"नागपूरला काय गं करणार तू?"

"उन्हाळ्यात वाळवण आणि हिवाळ्यात तुला शिव्या."

"शिव्या फोनवर दे. मी उचलीन."

"तुझा फोन नेहमी सायलेंटवर असतो, मने. तू माझ्या घरासमोर राहून माझे फोन उचलले नाहीस."

तिने चहाचा कप पुढे केला. दुसरे कप बांधले होते, म्हणून एकाच कपातून आळीपाळीने प्यायलो. मग म्हणाली, "शनिवारी काही उद्योग करू नकोस हं. मला निरोपाचं बक्षीसबिक्षीस नको. मला काय हवं ते मी जिंकून घेईन, नाहीतर तशीच जाईन."

मी सिस्टर फिलोमिनांसमोर करायचे तसा चेहरा केला.

संघमित्रा खोक्यांना पट्ट्या मारत होती. तिचा चेहराही तसाच होता. हल्ली शाळांत हे कोण शिकवतं?

२२ फेब्रुवारी, शनिवार

झोपायच्या आधी लिहून टाकते.

लॅपटॉप हॉलमध्ये न्यायचं काम रामदासभाऊंचं, म्हणजे कमलवहिनींच्या यजमानांचं. मी हॉलमध्ये पोचले तर फोटो दाखवून झाले होते, सुंदरा डोळे पुसत होती, आणि हाउसीची खिडकी पडद्यावर आधीच उघडलेली. बी तेवढं घालायचं बाकी. किती तत्पर! मी बी घातलं आणि माइक उचलला.

पहिला आकडा आला एकोणतीस.

रामदासभाऊंना हळूच विचारलं, "कुठून उघडलंत?"

"हे काय, बाहेरच चित्र ठेवलंय. संघमित्रा म्हणाली, काका, इथे दोनदा टिचकी मारा, मनूआजीला त्रास नको."

बाहेरून उघडलं! फोल्डरात पाऊलच टाकलं नाही, मग जुनी बाई उठणार कशी? पोरीने माझी सोय बघितली आणि माझा घात झाला. आता खेळ थांबवायचा तर कारण काय सांगू? आकडे पुकारत राहिले. आवाज मलाच ओळखू येईना.

कमलवहिनी तिकिटाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी रश्मीला कोपराने ढोसलं. रश्मी मागे वळून मागच्या रांगेशी काहीतरी कुजबुजली. त्यांनी त्यांच्या मागच्यांना. ऐन खेळात यांना गप्पा सुचतात!

आणि खेळ काही संपेना. दर वेळी अर्ध्याच्या पुढे गेलं की कुणीतरी ओरडतंच. आज कुणीही नाही. आकड्यांमागून आकडे. कमलवहिनी तिकिटावर पंजा ठेवून बसल्या होत्या आणि दर आकड्याला, "काय म्हणालंस गो? परत सांग" म्हणत होत्या. रश्मी तर ऐन रंगात उठून बाथरूमला गेली. पुकारायचे आकडे संपत आले. सुंदराच्या तिकिटावर एकच घर मोकळं होतं, ते मला माइकपासूनही दिसत होतं. इतकी वर्षं तिकीट पाठ आहे.

मग पडद्यावर तो आकडा आला. शाळेत शिकवल्याप्रमाणे मी पुकारला, "टू फॅट लेडीज, एटी-एट! अठ्ठ्याऐंशी!"

"फुल हाउस!" सुंदरा उभीच राहिली, चिंचोके सगळे खाली सांडले. "आणि मने, जाड्या कुणाला म्हणतेस?"

टाळ्या थांबेनात. कमलवहिनी तर स्वतःला लागल्यासारख्या नाचल्या.

कागद फाडून सुंदराने तांब्या बाहेर काढला. कडेचा पोचा अंगठ्याने चाचपला. फिरकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. मला वाटलं आता परत करते. ती संघमित्राकडे वळली.

"खरं सांग गं. आज मशीनमध्ये हिचा हात नव्हता ना?"

मी माइकची वायर गुंडाळायला लागले.

"नव्हता, आजी," संघमित्रा म्हणाली. "मी स्वतः नव्यावर लावून दिलंय. शप्पथ. मशीनने जे काढलं ते काढलं."

सुंदराने तांब्या छातीशी धरला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "माकडाने परत आणून दिली म्हणायची."

बाकी कुणाला काही कळलं नाही. आम्ही दोघी हसत सुटलो ते थांबता येईना. रामदासभाऊंनी पाणी आणलं. तिने ते तांब्यात ओतून घेतलं, आधी मला दिलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

काल आवरायला वेळ झाला नाही म्हणून आज हॉलमध्ये जाऊन तिकिटं गोळा केली.

देवाचं कौतुक वाटत होतं. माझ्या मदतीशिवाय त्याने पहिल्यांदाच इतकं चोख काम केलं! मी महिनाभर बी शोधलं, चार टूल्स घरात आणली, पंखा जाळायची वेळ आणली, आणि शेवटी साधं सरळ नशीबच उभं राहिलं. पायएन्व्ह काढून टाकणार नाही. मार्चमध्ये कमलवहिनी आहेत, सगळंच नशिबावर सोडता येत नाही.

पण एक गोष्ट मनाला लागून राहिली. कमलवहिनींच्या खुर्चीवर पिशवीखाली त्यांचं तिकीट सापडलं. सगळ्या घरांवर चिंचोके, एकही मोकळं नाही. रश्मीचं पर्सच्या जागी उपडं ठेवलेलं, त्याच्याखाली चिंचोक्यांची मूठ. मागच्या रांगेत आणखी तशीच, एक तर रुमालाने झाकलेलं. म्हणजे सुंदराच्या कितीतरी आधी यांची भरली होती, आणि यांना पत्ताच नाही!

वय झालं बिचाऱ्यांचं. रामदासभाऊंना सांगून ठेवलं, पुढच्या वेळी मोठा माइक आणा आणि जमलं तर कानाच्या डॉक्टरांना एकदा बोलवा. मंडळातल्या सगळ्या बायकांना ऐकू येईनासं झालंय, आणि एकजणही तोंडातून शब्द काढत नाही.